मोज्याची उलटी बाजू

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुंबईतल्या कुठल्याही गर्दीच्या स्टेशनाबाहेर उभं राहिलं, की फुटपाथवरच्या ताडपत्रीवर मोज्यांचा ढीग दिसतो. शंभराच्या नोटेत दोन-तीन जोड. गिऱ्हाईक वाकतं, एक जोड उचलतं, वरचं इलॅस्टिक दोन बोटांनी ताणून बघतं आणि खिशात हात घालतं. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. तिथून मॉलमध्ये गेलं तर मांडणी पालटते. मोजे पुठ्ठ्यावर बसवून, खोक्यात घालून ठेवलेले. खोक्यावर ‘रेट्रो’ किंवा ‘व्हिंटेज’ असं छापलेलं आणि मोज्यांवर पिळदार मिशा, जुन्या स्कूटर, कॅसेटी, ग्रामोफोनचे कर्णे. इथलं गिऱ्हाईक चित्र बघून हसतं, किंमत बघून थबकतं आणि मग तेही इलॅस्टिक ताणून बघतं. दोन्हीकडे मोज्याची परीक्षा एवढीच.

या अंकासाठी संपादकांनी दिलेला विषय आहे ‘जुन्याची नवी ओढ’. घड्याळं, फाउंटन पेनं, तबकड्या, पितळी भांडी यांच्यापर्यंत ही ओढ कधीच पोचली. पण ती कितपत खरी आणि कितपत वरवरची, हे तपासायला मोज्यासारखी वस्तू नाही. घड्याळ मिरवता येतं, मोजा बुटात जातो. त्यामुळे ‘जुन्या धाटणीचे देखणे फॉर्मल मोजे कुठे मिळतील?’ हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचं उत्तर शोधताना आधी ठरवावं लागतं, की मोज्यातलं जुनेपण नेमकं कुठे असतं. या लेखाचं म्हणणं असं, की ते विणीत असतं. जुन्या मोज्याचं सौंदर्य तो कसा विणला, कसा जोडला आणि पायावर कसा टिकवला, या अडचणींतून आलेलं आहे. अडचणी सुटल्या आणि बाजाराने त्यांच्या जागी चित्रं आणून बसवली. म्हणून जुन्या धाटणीचा मोजा ओळखायचा, तर तो उलटा करून बघावा लागतो.

## लांब खिडक्यांची घरं

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या कॅल्व्हर्टन गावातल्या विल्यम ली नावाच्या माणसाने 1589 साली मोजे विणायची चौकट बनवली. तो पाद्री होता असं परंपरेने सांगतात. राणी एलिझाबेथकडे तो मक्ता मागायला गेला आणि हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून तिने नकार दिला, ही गोष्टही त्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. एवढं खरं, की पहिल्या यंत्राची वीण जाडीभरडी होती. त्याला इंचाला 8 सुया होत्या. पुढे लीने ती संख्या 20 पर्यंत नेली आणि रेशमी मोजे विणता येऊ लागले. इंग्लंडमध्ये आश्रय मिळेना म्हणून तो फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. यंत्र मात्र परत आलं आणि नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी या तीन परगण्यांत घरोघरी बसलं. आजही रडिंग्टनच्या चौकट-विणकर संग्रहालयात ती जुनी कामाची जागा बघायला मिळते. अशा घरांची खूण म्हणजे भिंतभर लांब खिडक्या. बारीक टाके मोजायला दिवसाचा उजेड लागे. चौकट बहुधा मालकाची असे आणि विणकर तिचं आठवड्याला भाडं भरत असे. काम नसलेल्या आठवड्यातही भाडं चुकत नसे. हातापायांचं काम पुरुषाचं, शिवण बायकांची, दोऱ्याच्या रिळा भरणं पोरांचं.

या चौकटीवर विणलेल्या मोज्याची एक खुबी होती. चौकट सपाट कापड विणते, नळी विणत नाही. म्हणून पोटरीपाशी टाके जास्त, घोट्याकडे येताना कडेचे टाके एकेक करून कमी, अशा रीतीने पायाचा आकार विणतानाच द्यावा लागे. तयार झालेल्या पट्टीला दोन्ही बाजूंना पक्की किनार येई आणि मागून शिवण घातली की पायाच्या घडणीचा मोजा तयार होई. कापडाचं एकही सूत कापलेलं नसे, त्यामुळे उसवायचा प्रश्न नसे.

1810 च्या आसपासच्या मंदीत काही मालकांनी सोपी वाट काढली. रुंद चौकटीवर सपाट थान विणायचं, मोज्याच्या आकारात कात्रीने कापायचं आणि शिवून टाकायचं. या मालाला ‘कट-अप’ म्हणत. नवा असताना दुकानात तो खऱ्या मोज्यासारखाच दिसे. चार धुण्यांत शिवणीशी कापलेले टाके सुटत आणि मोजा उसवत जाई. 1811 मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये चौकटी फोडायला सुरुवात झाली, त्यामागे हा मालही होता. चौकटी फोडणारे हे विणकर लडाइट म्हणून ओळखले गेले. लडाइट म्हणजे यंत्राचे वैरी, अशी समजूत आपल्याकडे पाठ्यपुस्तकांनी रुजवली आहे. पण नॉटिंगहॅमचे हे विणकर दोन शतकं यंत्रावरच पोट भरत होते. त्यांची तक्रार होती पडलेल्या मजुरीबद्दल, शिकाऊपण न केलेल्या माणसांना कामाला लावण्याबद्दल आणि धंद्याचं नाव घालवणाऱ्या या कात्रीच्या मालाबद्दल. सरकारने चौकट फोडणाऱ्याला फाशीची तरतूद करणारं विधेयक आणलं, तेव्हा 27 फेब्रुवारी 1812 रोजी कवी बायरनने उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण त्या विधेयकाविरुद्ध केलं. कायदा तरीही झाला. मोजा चांगला कोणता आणि दिसायला चांगला कोणता, यातला फरक माणसांनी जिवावर उदार होऊन सांगितला, असा हा प्रसंग आहे. आजच्या दुकानात उभं राहून विचारायचा प्रश्नही तोच आहे.

## नक्षी आली ती शिवणीतून

जुन्या धाटणीचे मोजे म्हटल्यावर दोन नक्ष्या डोळ्यांसमोर येतात. एक, घोट्याच्या बाजूने वर चढणारी बारीक उभी रेघ, टोकाला बाणासारखी किंवा फुलासारखी. इंग्रजी व्यवहारात तिला ‘क्लॉक’ म्हणतात. घड्याळाशी तिचा संबंध नाही. सोळाव्या शतकापासून ती मोज्यांवर दिसते. मोजा घोट्यापाशी रुंद व्हावा म्हणून तिथे तिकोनी कळी जोडावी लागे, आणि त्या सांध्यावर भरतकाम केलं की तो झाकलाही जाई आणि बळकटही होई. आपल्या झब्ब्याच्या बगलेत कळी असते, तीच युक्ती. पुढे कळीची गरज संपली, रेघ उरली. पायाच्या रेषेला ती उंची देते, घोटा निमुळता दाखवते आणि पँट जरा वर सरकली तरच नजरेस पडते.

दुसरी नक्षी ‘आर्गाइल’ची, म्हणजे तिरक्या चौकटींची. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आर्गाइल प्रांतातल्या कॅम्पबेल कुळाच्या टार्टनशी तिचं नातं सांगतात. तिथले जुने मोजे विणलेले नसत, चौकड्याच्या लोकरी कापडातून बेतलेले असत. विणलेल्या मोज्यासारखं ताण घेणं हातमागाच्या कापडाला जमत नाही. ते तिरकं कापलं तरच थोडं ताणतं. म्हणून कापड तिरकं धरून बेतत आणि सरळ चौकडा पायावर शंकरपाळ्यासारखा उभा राही. नंतर विणकरांनी त्याच शंकरपाळ्यांची नक्कल सुयांवर केली. 1920 च्या दशकात प्रिंगल ऑफ स्कॉटलंडने ती नक्षी घेतली, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फच्या मैदानावर ती मिरवली आणि ती जगभर गेली. म्हणजे आज जी ‘डिझाइन’ म्हणून विकली जाते, ती मुळात कापड ताणत नसल्यामुळे काढलेली तोड होती.

तिसरी नक्षी कमी बोलबाल्याची, पण या तिघींत सर्वांत सुंदर. डर्बीच्या जेडेडाया स्ट्रटने 1758-59 च्या सुमाराला चौकटीला एक जोड दिला आणि सुलटे-उलटे टाके आळीपाळीने पडून उभ्या पन्हळीची वीण निघू लागली. तिलाच आपण रिब म्हणतो. ती पायाला धरून बसते, कारण पन्हळी उघडतात आणि मिटतात. पुढे कुणीतरी पन्हळीच्या वरच्या धारेला एक रंग आणि खोबणीला दुसरा रंग दिला. मोजा हातात धरला तर गडद निळा. पायावर चढवला, पोटरीवर ताणला, की खोबणीतला वांगी रंग रेघारेघांनी उमटतो. चालताना तो कमीजास्त होत राहतो. या मोज्यात चित्र नाही, आणि कुठलंही चित्र त्याच्याइतकं जिवंत दिसणार नाही.

## गार्टर गेले, मापही गेलं

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतले आपल्याकडचे समूह-छायाचित्रांचे जुने ठसे काढून बघावेत. वकील मंडळ, शाळेचे शिक्षक, नाटक मंडळी, नगरपालिकेचे सभासद. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कित्येकांचा थाट ठरलेला: डोक्याला पगडी किंवा पागोटं, अंगात लांब कोट, खाली धोतर, आणि पायात मोजे नि पंप शू किंवा बूट. धोतर वर सरकलेलं असल्याने घोट्याच्या वरपर्यंत मोजा उघडा दिसतो. पँटमध्ये लपणाऱ्या मोज्याला थोडी ढिलाई चालते, धोतराखालच्या मोज्याला चालत नाही. तेव्हाच्या मोज्यात इलॅस्टिक नव्हतं. तो सरळ राहायचा तर पोटरीला पट्टा बांधून, त्याच्या चिमट्यात मोजा अडकवावा लागे. या पट्ट्याला गार्टर म्हणत. अमेरिकेत ‘बॉस्टन गार्टर’सारख्या नावांनी त्यांचा मोठा धंदा चाले.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला रबराचा बारीक धागा सुताने गुंडाळून बनवलेलं ‘लास्टेक्स’ बाजारात आलं आणि मोज्याच्या तोंडालाच पकड आली. मग 1940 मध्ये नायलॉनचे बायकांचे लांब मोजे अमेरिकेत विक्रीला आले. युद्धानंतर कुरळं केलेलं, ताणणारं नायलॉन पुरुषांच्या मोज्यात शिरलं. 1958 साली ड्यूपाँटच्या जोसेफ शिव्हर्सने स्पँडेक्सचा धागा काढला. गार्टर माळ्यावर गेले आणि त्यांच्यासोबत कुणाच्या फारसं लक्षात न येता आणखी एक गोष्ट गेली: माप. आधी मोजा पायाच्या लांबीच्या इंचांवर मिळे. दहा, साडेदहा, अकरा, असा अर्ध्या-अर्ध्या इंचाचा फरक असे. धागाच ताणायला लागल्यावर दुकानदाराला एवढी मापं ठेवायची गरज उरली नाही. ‘फ्री साइज’ हा शब्द आला. त्याचा खरा अर्थ असा, की सहा नंबरच्या पायात मोज्याची टाच घोट्यावर येते आणि दहा नंबरच्या पायात तळव्यावर. दोघांनाही मोजा होतो, बसत कुणालाच नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. इलॅस्टिक हे वरदानच होतं. गार्टरच्या चिमट्यांकडे परत जा, असं कोण म्हणेल? कुणीच म्हणू नये. मूळचे जुने मोजे शोधून घालण्यातही शहाणपण नाही, कारण रबर वर्षानुवर्षांत वाळून मरतं आणि लोकरीला कसर लागते. पेटीत जपलेला ऐंशी वर्षांपूर्वीचा मोजा पहिल्यांदा ताणतानाच तडकेल. म्हणून हवा तो आजच विणलेला मोजा, ज्यात इलॅस्टिकची सोय आहे आणि तिच्या आधाराने बाकीच्या गोष्टी सोडून दिलेल्या नाहीत. टाचेला, चवड्याला थोडं नायलॉन मिसळलेलं असेल तर तो दोष समजू नये. ‘शंभर टक्के सुती’ हा शिक्का ऐकायला गोड लागतो, पण नुसती सुती टाच बुटात लवकर विरते.

## मोजा उलटा केला की

आता एक मोजा हातात घेऊ आणि त्याची आतली बाजू बाहेर काढू. पहिली नजर बोटांकडे. आजचा मोजा गोल यंत्रावर नळीसारखा विणला जातो आणि शेवटी बोटांकडचं तोंड उघडं राहतं. ते बंद करायच्या दोन रीती आहेत. स्वस्त रीत म्हणजे ओव्हरलॉकसारखी शिवण. ती झटपट होते आणि बोटांच्या वर दोरीसारखा कंगोरा ठेवते. दुसरी रीत ‘लिंकिंग’ची. गोल चकतीवर बारीक काटे उभे असतात. कारागीर चवड्याच्या एका कडेचा एकेक टाका एकेका काट्यावर चढवतो, मग समोरच्या कडेचा त्याच्या जोडीचा टाका त्याच काट्यावर, आणि यंत्र त्या जोड्यांतून धागा ओवत जातं. दोनशे सुयांवर विणलेल्या मोज्याला असे शंभर-शंभर टाके दोन बाजूंना येतात. एक टाका जरी चुकला तरी तिथून भोक सुरू होतं. हे काम डोळ्यांचं आणि बोटांचं आहे, वर्षानुवर्षांच्या सवयीचं. सांधा इतका सपाट पडतो, की बोट फिरवल्यावरच तो कळतो. हाताने विणणाऱ्या बायका सुईने असाच सांधा जोडतात. त्या टाक्याला ‘किचनर’ म्हणतात, आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो लॉर्ड किचनर 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती होता.

दुसरी नजर टाचेवर. चांगल्या मोज्याच्या टाचेच्या दोन्ही बाजूंना तिरकी रेघ दिसते. तिथे यंत्र गोल फिरायचं थांबून निम्म्या सुयांवर मागे-पुढे चाललेलं असतं. टाके आधी कमी करत, मग वाढवत त्याने टाचेची वाटी घडवलेली असते. रेघ लांब असेल तर वाटी खोल. रेघच नसेल तर ती नुसती नळी आहे. टाचेचा आकार तिला पायाने द्यायचा. तिसरी नजर नक्षीच्या मागच्या बाजूला. नक्षी विणून काढली असेल तर मागे रंगीत धागे दिसतील. ते लांब लोंबते असतील तर पायाच्या नखात अडकतील. आखूड आणि नीट बांधलेले असतील तर कारखान्याने त्रास घेतला आहे. आणि उलटी बाजू साफ पांढरी असेल तर नक्षी छापलेली आहे. अशा मोज्यात पाय घातला की चित्र ताणतं, विणीच्या फटींतून पांढरं डोकावतं, आणि ग्रामोफोनचा कर्णा पोटरीवर भोपळ्यासारखा फुगतो.

मग विणीची बारीकी. खेळाच्या किंवा शाळेच्या मोज्याला शंभराच्या आसपास सुया पुरतात. फॉर्मल मोज्याला 168 ते 200 आणि अतितलम मोज्याला त्याहून जास्त. नळीचा घेर साधारण तोच असल्याने सुया वाढल्या की टाके बारीक होतात. तळहात आत घालून मोजा उजेडाकडे धरला तर जाळी एकसारखी दिसायला हवी. शेवटची गोष्ट उंचीची. घोट्याच्या वर चार बोटं येणारा मोजा दिवसभरात खाली घसरतो. पोटरीच्या फुगीर भागावरून जाऊन गुडघ्याखाली थांबणारा मोजा घसरूच शकत नाही, कारण पोटरीच त्याला अडवते. इलॅस्टिक घट्ट नसूनही तो टिकतो, आणि संध्याकाळी पायावर वळ उठत नाही.

## सुताचं घराणं

तलम मोज्याचं सूत वेगळं असतं. लांब तंतूचा कापूस, दोन पदरांत चांगला पीळ देऊन कातलेला. मग धागा वेगाने ज्योतीवरून नेऊन त्याची लव जाळलेली. मग ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढलेला. सोड्याचा परिणाम लँकेशायरच्या जॉन मर्सरने 1844 मध्ये ओळखला, आणि धागा ताणून धरला तर त्याला रेशमासारखी झाक येते हे होरेस लोने 1890 च्या सुमाराला दाखवलं. मर्सरच्या नावावरून मर्सराइज्ड म्हटल्या जाणाऱ्या या सुताला युरोपात ‘फील देकॉस’ किंवा ‘लाइल’ म्हणतात. रंग त्यात खोल मुरतो, म्हणूनच जुन्या मोज्यांचा बाटली हिरवा किंवा द्राक्षाच्या आसवासारखा लाल रंग मळकट दिसत नाही.

या सुतात भारताचा वाटा आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. कोइमतूरला सुजाता हा वाण आणि वेस्ट इंडीजकडचा सेंट व्हिन्सेंट सी आयलंड वाण यांच्या संकरातून 1974 मध्ये ‘सुविन’ कापूस निघाला. जगातल्या सर्वांत लांब आणि तलम तंतूंच्या कापसांत त्याची गणना होते, आणि परदेशातले उंची वस्त्रं विणणारे कारखाने त्याचं नाव लेबलावर लिहितात. आमच्या विदर्भातला कापूस मुख्यतः त्याहून आखूड तंतूचा. शर्टाला, चादरीला उत्तम, दोनशे सुयांच्या तलम मोज्याला तोकडा पडणारा. कापसावरचं संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरात, कापसाच्या तंत्रज्ञानाची माटुंग्यात, आणि मोजा घ्यायचा लुधियानाच्या होजिअरीचा किंवा चीनमधून आलेला, अशी आपली स्थिती आहे. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या दातांग या एका गावात जगातले सुमारे एक-तृतीयांश मोजे बनतात असं सांगितलं जातं. तिथे वेगावर धंदा चालतो. आणि टाक्याला टाका जोडत बसणं वेगात बसत नाही.

## बघतंय कोण?

सर्वांत मोठा आक्षेप अजून बाकी आहे. मोजा बुटात, बूट पँटखाली. एवढा खटाटोप बघणार कोण? लंडनमध्ये या प्रश्नाचं उत्तर तोकडं आहे. तिथे माणूस बसल्यावर पँट आणि बूट यांमधली दोन-तीन इंचांची पट्टी दिसते, बस. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. आपण उंबऱ्याशी बूट काढतो. घरात, देवळात, मुंजीच्या मांडवात, सत्यनारायणाला, कितीतरी दवाखान्यांत आणि काही कार्यालयांतही. सांत्वनाला गेलेला माणूस सतरंजीवर मांडी घालून बसतो, तेव्हा त्याचा मोजा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो: चवडा, टाच, तळवा, सगळाच. विलायतेत मोज्याचा जो भाग कधीच कुणाला दिसत नाही, तोच आपल्याकडे आधी दिसतो. अंगठ्याचं भोक झाकायला दुसऱ्या पायाची बोटं वर चढवून बसलेला पाहुणा ही मराठी घरांतली ओळखीची आकृती आहे. म्हणून बोटांकडच्या सांध्याची आणि विणलेल्या टाचेची गरज लंडनपेक्षा दादरला आणि सदाशिव पेठेत जास्त आहे.

दुसरा आक्षेप हवेचा. घामाच्या कोकणपट्टीत गुडघ्यापर्यंतचा मोजा कशाला? यात तथ्य आहे. पण पाय उबतो तो मोज्याच्या उंचीमुळे कमी आणि धाग्यामुळे जास्त. पॉलिस्टरचा आखूड मोजा घाम शोषत नाही, म्हणून बुटात चिकचिक होते आणि वास मारतो. तलम सुती मोजा घाम टिपतो आणि विणीतून हवा खेळते. पावसाळ्यात भिजलेले बूट घालायची वेळ येते, तेव्हा कुठलाच मोजा कामाचा नाही. तेव्हा सरळ चपला घालाव्यात. मोजा म्हणजे साहेबी थाट, चपलेशी त्याचं वाकडं, हाही समज तपासून घ्यावा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसचे दीड हजारहून जास्त वर्षांपूर्वीचे लाल लोकरी मोजे आहेत, त्यांना अंगठ्याशी फट आहे, सँडलचा पट्टा बसावा म्हणून. सकाळी स्कूटरवरून निघालेल्या आपल्याकडच्या बायका अंगठ्याचे मोजे चपलेत घालतात, त्यांना ही परंपरा माहीत नसेल, पण ती त्यांनीच चालवली आहे. आणि ‘मोजा’ हा शब्दही फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ पायातला बूट.

तिसरा आक्षेप किमतीचा, आणि तोही जड. इंग्लंड-इटलीत विणलेला चांगला जोड आपल्या पैशात हजारांच्या घरात जातो. तेवढ्यात ताडपत्रीवरचे कितीतरी जोड येतील. हे खरं आहे, आणि ज्याला रोज आठ तास उभं राहून काम करायचं आहे त्याला हा हिशेब चुकीचा आहे असं कुणी सांगू नये. पण डझनभर वाईट जोड घेऊन दर तीन महिन्यांनी फेकणारा माणूस काटकसर करत नसतो. शिवाय चांगली वीण दुरुस्त होते. आत विजेचा जुना बल्ब धरून टाचेवर रफू करणाऱ्या आजीला बल्ब कशाला लागतो हे ठाऊक होतं: टाके सपाट बसावेत म्हणून. छापील पॉलिस्टरच्या मोज्यावर तो रफू धरतच नाही. आणि हौसेच्या वरच्या टोकाचे मोजे सगळ्यांनी घ्यावेत असं नाहीच. वर सांगितलेल्या चार-पाच खुणांपैकी तीन जरी भारतीय बनावटीच्या मध्यम किमतीच्या जोडात सापडल्या, तरी तो जुन्या धाटणीच्या जवळ जातो.

## मग मिळतात कुठे?

जगात हे काम टिकून आहे ते अगदी मोजक्या ठिकाणी. विणकरांच्या त्या जुन्या पट्ट्यात, लेस्टरला, 1937 पासून पँथेरेला हे नाव तलम मोज्यांसाठी ओळखलं जातं. वेल्समधल्या आमनफर्डला 1892 चा कॉर्गी कारखाना आहे. इटलीत बेर्गामोजवळ ब्रेशियानी. जर्मनीत श्माल्लेनबर्गचा फाल्के. जपानमध्ये नारा प्रांत मोज्यांचं आगर आहे, आणि तिथले काही लहान कारखाने मुद्दाम जुनी, मंद यंत्रं चालवतात. रोममध्ये 1798 पासून पोपची वस्त्रं शिवणारे गामारेल्ली कार्डिनलसाठी लाल आणि बिशपसाठी जांभळे मोजे ठेवतात. पॅरिसच्या एका दुकानाने तेच मोजे सामान्य गिऱ्हाइकाला विकायला काढले. फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर बालादूर लाल मोज्यांसाठी प्रसिद्ध होते. बहुतेकांचे मोजे आता घरबसल्या मागवता येतात, मात्र टपालाचा खर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा.

आपल्याकडच्या दुकानात मागायचं ते ‘रेट्रो’ नव्हे. ‘गुडघ्याखालपर्यंतचे, मर्सराइज्ड सुती, रिबचे’ असं मागावं. बोटांकडचा कंगोरा आणि टाचेची रेघ तिथेच बघावी. चांगला दुकानदार मोजा उलटा करायला हरकत घेत नाही. मापाचा आकडा छापलेला जोड फ्री साइजच्या आधी निवडावा. रंग बुटांशी जुळवण्यापेक्षा पँटशी जुळवला तर पाय एकसलग दिसतो. हौस करायची तर गडद निळ्या पँटखाली वांगी, राखाडीखाली बाटली हिरवा, तपकिरीखाली मोहरीचा. माशाच्या काट्यासारखी तिरकी वीण, राईएवढे ठिपके, घोट्यावरची एक रेघ, एवढी नक्षी पुरते. धुताना मोजा उलटाच करावा, म्हणजे घाम आतून निघतो आणि वरची झाक राहते. वाळत घालताना चिमटा बोटांकडे लावावा आणि दोरी सावलीत असावी, कारण उन्हात आणि ताणाखाली इलॅस्टिक आधी मरतं.

आणि एक विनंती आपल्याकडच्या होजिअरीवाल्यांना. विलायती मोज्यावरची ती उभी रेघ मराठी डोळ्याला अनोळखी नाही. धोतराला, उपरण्याला, साडीला आपण तिला काठ म्हणतो. विदर्भाच्या करवती काठाची दातेरी ओळ किंवा रुईफुलांची बारीक रांग घोट्यापासून पोटरीकडे चढवली, छापून नव्हे तर विणून, आणि सूत सुविनचं घेतलं, तर मिशा आणि स्कूटरींची गरज पडणार नाही. तोवर गिऱ्हाइकाने एवढंच करावं: दिवाळीच्या खरेदीत मोज्यांच्या ढिगासमोर उभं राहिल्यावर इलॅस्टिक ताणायच्या आधी मोज्यात हात घालून तो उलटा करावा. दहा सेकंदं लागतात.